खोक्यावरचे वॅट आणि खेळातले वॅट: गेमिंग पीसीसाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर कसा निवडावा

मागच्या वेळी प्रोसेसर बदलला तेव्हा ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर मी जुनेच ठेवले होते. नवे आले ते प्रोसेसर, त्याला लागणारा मदरबोर्ड आणि रॅम एवढेच. पीसी आणि भिंतीवरचं सॉकेट यांच्या मध्ये वीज मोजणारा छोटा मीटर आधीपासून लावलेला होता. तोच खेळ, त्यातलं तेच ठिकाण, त्याच सेटिंग. मीटरवरचा आकडा जवळपास ७० वॅटनी खाली आला. फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला पडद्यासाठी तयार होणारी चित्रं, कमी झाल्या नाहीत, थोड्या वाढल्याच. आणि नव्या प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा मात्र जुन्यापेक्षा मोठा होता.

खोक्यावरचा आकडा वाढला आणि मीटरवरचा घटला. हे कसं होतं ते एकदा नीट कळलं की कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडणं अवघड राहत नाही. ज्यांना वीजबिलाची चिंता नाही त्यांनाही याचा उपयोग आहे, कारण प्रोसेसरने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो. तो बाहेर ढकलायला पंखे जोरात फिरतात आणि आवाज कानावर येतो.

टीडीपी म्हणजे वीजवापर नव्हे

खोक्यावर वॅटमध्ये छापलेला टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) हा मुख्यतः कूलर निवडणाऱ्यासाठी दिलेला आकडा आहे. प्रोसेसर प्रत्यक्ष किती वीज ओढू शकतो याची मर्यादा वेगळी असते. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या प्रकारांवर) ती टीडीपीच्या साधारण १.३५ पट धरलेली असते आणि तिला पीपीटी म्हणतात. म्हणजे ६५ वॅटचा रायझन ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो, १०५ वॅटचा १४२ पर्यंत, १२० चा १६२ पर्यंत आणि १७० चा २३० पर्यंत. इंटेलने २०२१ मध्ये आलेल्या १२व्या पिढीपासून दोन आकडे द्यायला सुरुवात केली: बेस पॉवर आणि मॅक्सिमम टर्बो पॉवर. कोअर आय५-१३४०० साठी ते ६५ आणि १४८ आहेत, कोअर आय९-१४९००के साठी १२५ आणि २५३.

पण हेही कमाल आकडे आहेत. व्हिडिओ रेंडर करताना सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकदम जुंपले जातात तेव्हा प्रोसेसर या मर्यादेला टेकतो. खेळात तसं क्वचितच होतं. रायझन ७ ७८००एक्स३डी च्या खोक्यावर १२० वॅट लिहिलेलं असतं, पण बहुतेक खेळांत तो ५० ते ८० वॅटच्या दरम्यान राहतो. १२५ वॅट लिहिलेला आय९-१४९००के मात्र अनेक खेळांत सव्वाशे वॅट ओलांडतो. खोक्यांवर ५ वॅटचा फरक आणि खेळताना जवळजवळ दुपटीचा. म्हणून टीडीपी बघून खरेदी करू नये, हा माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला.

शेवटचे काही मेगाहर्ट्झ फार महाग पडतात

प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरची उघडझाप होताना जी वीज लागते ती वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज १० टक्के वाढत नाही, १.१ गुणिले १.१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३३ टक्के वाढते. कमी वेगाच्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं चढत नाही, वेग जवळजवळ फुकटात मिळतो. कमाल वेगाच्या जवळ गेलं की चित्र उलटतं. तिथे एकेका पायरीसाठी व्होल्टेज भराभर चढवावं लागतं.

हे नेहमी असं नव्हतं. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. (रॅममधल्या डीरॅमचा शोध लावणारे डेनार्ड ते हेच.) पुढची तीस वर्षं या नियमावर संगणक वेगवान होत गेले. साधारण २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरवणं जमेनासं झालं. २००४ मध्ये पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झला अडकला आणि इंटेलने त्याच वर्षी त्याचा नियोजित वारसदार रद्द केला. तेव्हापासून वेग आणि वीज यांचं हे भांडण मिटलेलं नाही.

तरीही कंपन्या चाचण्यांच्या आलेखात दोन-तीन टक्के पुढे दिसण्यासाठी आपले महागडे प्रोसेसर कारखान्यातूनच या चढावर, अगदी टोकाला नेऊन ठेवतात. म्हणजे तीच चिप दोन पायऱ्या खाली आणली की एकदम काटकसरी होते. हे लक्षात ठेवा. बायोसच्या (मदरबोर्डमधल्या मूळ सेटिंगच्या) भागात याचाच उपयोग करायचा आहे.

१. आधी किती फ्रेम्स हव्यात ते ठरवा

प्रोसेसरचं काम रेझोल्यूशनवर फारसं अवलंबून नसतं, ते फ्रेम्सच्या संख्येवर अवलंबून असतं. एका फ्रेमसाठी त्याला खेळाडूची बटणं वाचायची, शत्रूंच्या हालचाली ठरवायच्या, धडका आणि पडझडीचं गणित करायचं आणि शेवटी काय काढायचं याच्या आज्ञा ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायच्या. चित्र १०८०पी असो की ४के, हे काम जवळजवळ तेवढंच. पण ६० ऐवजी २४० फ्रेम्स हव्या असतील तर तेच काम सेकंदाला चौपट वेळा करावं लागतं.

त्यामुळे पहिला प्रश्न प्रोसेसरचा नाहीच. मॉनिटर किती हर्ट्झचा आहे? १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर २२० फ्रेम्स काढणारा प्रोसेसर त्यातल्या ७६ फ्रेम्सची वीज अशा चित्रांवर घालवतो जी पूर्ण पडद्यावर कधी उमटतच नाहीत. स्पर्धात्मक नेमबाजी खेळणाऱ्यांना विलंब कमी करण्यासाठी जादा फ्रेम्सचा थोडा फायदा होतो, हे मान्य. कथाप्रधान खेळ, शर्यती, शेती किंवा शहर उभारणीचे खेळ खेळणाऱ्यांना तो होत नाही.

आता असलेल्या पीसीवर एक सोपी परीक्षा करून बघा. नेहमीच्या सेटिंगवर एका ठरावीक जागी फ्रेम्स मोजा. मग फक्त रेझोल्यूशन खाली आणा, बाकी काही बदलू नका. फ्रेम्स चांगल्याच वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे आणि महाग प्रोसेसर घेऊन काही मिळणार नाही. फ्रेम्स होत्या तिथेच राहिल्या, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर ही लहान चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं वापरत असाल तर खेळ आतून मुळातच कमी रेझोल्यूशनवर चालत असतो, त्यामुळे ४के मॉनिटर असूनही प्रोसेसर अडथळा ठरू शकतो. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

आणि ग्राफिक्स कार्डाचा आकडाही समोर असू द्या. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड आहे, ४०७० हे २०० चं, ४०९० हे ४५० चं. ४५० वॅटच्या कार्डाशेजारी प्रोसेसरचे २० वॅट वाचवण्यासाठी झुरण्यात अर्थ नाही. ११५ वॅटच्या कार्डाशेजारी १४० वॅट खाणारा प्रोसेसर बसवणं मात्र मला खरोखर खटकतं.

२. कोअर: सहा किंवा आठ, बहुतेकांना पुरे

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही २०२० मध्ये आले आणि दोन्हींत आठ कोअर आहेत. मोठे खेळ त्यांना समोर ठेवून बनतात, म्हणून पीसीवरही आठच्या पुढचे कोअर खेळात बहुधा पडून राहतात. शिवाय प्रत्येक खेळात एखादा मुख्य थ्रेड (कामाची एक सलग साखळी) असतो आणि बाकीच्यांना त्याची वाट पाहावी लागते. तो एका कोअरवरच धावतो. सहा आधुनिक कोअर आजही बहुसंख्य खेळांना पुरतात. आठ घेतले तर पुढची काही वर्षं निवांत.

एएमडीचे १२ आणि १६ कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन स्वतंत्र चिपलेटवर (चिपच्या छोट्या तुकड्यांवर) विभागलेले असतात. एका चिपलेटवरून दुसऱ्यावर निरोप जायला वेळ लागतो, आणि दुसरं चिपलेट खेळात काही करत नसलं तरी त्याचा विजेतला वाटा थोडाफार असतोच. फक्त खेळण्यासाठी हे प्रोसेसर घेऊ नयेत. रोज व्हिडिओ संपादन किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

३. कॅश: वीज वाचवण्याचं खरं गुपित इथे आहे

५ गिगाहर्ट्झचा कोअर एका नॅनोसेकंदात पाच ठोके टाकतो. हवी ती माहिती एल३ कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतच असलेल्या छोट्या, वेगवान स्मृतीत) मिळाली तर दहाएक नॅनोसेकंदांत हाती येते. ती तिथे नसेल आणि रॅमपर्यंत जावं लागलं, तर सत्तरएक नॅनोसेकंद लागतात. सत्तर नॅनोसेकंद म्हणजे साडेतीनशे ठोके. हाताशी दुसरं काम नसेल, तर एवढा वेळ कोअर नुसता ताटकळतो, पण व्होल्टेज चढलेलं असतं आणि क्लॉक चालूच असतो. वर रॅमपासून चिपपर्यंत माहिती वाहून आणायला लागणारी वीज वेगळीच. खेळांना अशा विखुरलेल्या माहितीची सतत गरज पडते: नकाशातल्या हजारो वस्तू, प्रत्येकीची जागा, प्रत्येकीची अवस्था.

ही वाट पाहणं कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, कोअर आणखी वेगात पळवायचा. हा वीज खाणारा मार्ग, आणि रॅमची वाट त्याने कमी होतच नाही. दुसरा, जास्त माहिती कोअरच्या जवळ ठेवायची. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला तेव्हा दुसरा मार्ग धरला: नेहमीच्या ३२ मेगाबाइट एल३ कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा थर चढवला, एकूण ९६. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या दोन्ही प्रोसेसरमध्ये कॅशचा थर कोअरच्या वर बसवलेला होता. त्यामुळे कोअरची उष्णता बाहेर पडायला आडकाठी झाली आणि एएमडीला व्होल्टेज आणि वेग दोन्ही आवरते ठेवावे लागले. म्हणजे वेग-विजेच्या वक्राच्या सोप्या पट्ट्यात राहणं या प्रोसेसरना भाग पडलं. ते एवढे काटकसरी निघाले त्यात कॅशइतकाच या सक्तीचाही हात आहे. ९८००एक्स३डी मध्ये थर कोअरच्या खाली गेला, उष्णतेची वाट मोकळी झाली, वेग वाढला, आणि वीजही थोडी वाढली. फ्रेम्स मात्र त्याहून चांगल्या वाढल्या, त्यामुळे तोही वाईट सौदा नाही.

याची दुसरी बाजू: थर वर असलेले प्रोसेसर ६० वॅट घेत असतानाही ८० अंशांवर दिसू शकतात. घाबरू नका. तापमान म्हणजे उष्णतेचं प्रमाण नव्हे. लहान जागेतून बाहेर पडणारे ६० वॅट चिपला तापवतात, पण खोलीला देतात ते ६० वॅटच.

४. पीसी रिकामा असताना काय होतं

हा भाग खरेदीच्या वेळी जवळजवळ कुणी पाहत नाही, आणि माझ्या मते तो खेळातल्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

चिपलेट पद्धतीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये कोअर एका तुकड्यावर आणि रॅम, पीसीआय (ग्राफिक्स कार्ड जोडण्याची वाट) वगैरेंची जोडणी दुसऱ्या तुकड्यावर असते. या दोघांमधला दुवा सतत जागा ठेवावा लागतो. म्हणून काही काम नसतानाही असा प्रोसेसर साधारण २० ते ३० वॅट घेत बसतो. रॅम एक्स्पो नावाच्या तयार प्रोफाइलने वेगात चालवली की त्यात आणखी भर. इंटेलचे १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर एकाच अखंड तुकड्यावर आहेत आणि रिकामे असताना बहुधा दहा वॅटच्या आत राहतात. एएमडीच्या नावामागे जी असलेले, उदाहरणार्थ ५६००जी किंवा ८७००जी, हेही अखंड आहेत आणि रिकामे असताना काटकसरी आहेत. पण त्यांत एल३ कॅश फक्त १६ मेगाबाइट, आणि ८७००जी मध्ये ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयच्या आठच लेन (माहितीच्या वाटा), त्यामुळे मोठ्या कार्डाबरोबर ते मागे पडतात.

आता हिशेब करू. समजा दोन प्रोसेसरमध्ये खेळताना ७० वॅटचा फरक आहे आणि तुम्ही रोज दोन तास खेळता. वर्षाला ५१ युनिटं झाली. याच दोघांत रिकामं असताना २० वॅटचा उलट फरक आहे, आणि तोच पीसी रोज आठ तास लिखाण, मेल, ब्राउझर यासाठी चालू असतो. वर्षाला ५८ युनिटं. म्हणजे खेळात कमावलेली सगळी बचत दिवसभराच्या किरकोळ कामात गेली, आणि वर सात युनिटं पदरची!

म्हणून आपले तास खरेखुरे लिहून काढा. पीसी फक्त खेळायला चालू होत असेल तर मोठ्या कॅशचा रायझन निर्विवाद. दिवसभर चालू राहून संध्याकाळी तासभर खेळ होत असेल, तर नावामागे के नसलेला अखंड इंटेल प्रोसेसर वर्षअखेर कमी वीज खाल्लेला निघू शकतो. कुठल्याच एका नावाला डोळे झाकून उत्तम म्हणता येत नाही ते यामुळे.

५. नावामागची अक्षरं

इंटेलमध्ये के म्हणजे वेगाला कुलूप नसलेला, वेग हाताने वाढवता येणारा आणि बहुधा जास्त मर्यादेचा. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. टी म्हणजे ३५ वॅट बेस पॉवरचा. टी कडे पाहून मोहात पडू नका. तो मुख्यतः अगदी लहान खोक्यांच्या संगणकांसाठी आहे. साध्या प्रोसेसरला बायोसमधून कमी मर्यादा घातली की जवळपास तोच परिणाम मिळतो, आणि हवी तेव्हा मर्यादा काढताही येते. एएमडीमध्ये एक्स म्हणजे जास्त मर्यादा, एक्स३डी म्हणजे जादा कॅश, आणि मागे काहीच नसलेला, जसा ७६०० किंवा ७७००, तो ६५ वॅटचा. ७६०० आणि ७६००एक्स मध्ये खेळातला फरक इतका थोडा आहे की मी नेहमी बिनएक्सवालाच सुचवतो.

६. चाचण्या वाचताना एक भागाकार करा

चाचण्यांमध्ये तीन वेगळे आकडे दिसतील: सगळे कोअर जुंपलेले असतानाचे वॅट, खेळतानाचे वॅट आणि रिकामे असतानाचे वॅट. पहिला सोडून द्या. आलेख सर्वात आकर्षक त्याचाच असतो, पण तुमच्या खेळाशी त्याचा संबंध नाही. आकडा फक्त प्रोसेसरचा आहे की पूर्ण पीसीचा, तेही पाहा. पूर्ण पीसीच्या आकड्यात ग्राफिक्स कार्ड मिसळलेलं असतं आणि जास्त फ्रेम्स काढणारा प्रोसेसर कार्डालाही जास्त कामाला लावतो, त्यामुळे तो विनाकारण खादाड दिसतो.

मग खेळतानाचे वॅट भागिले सरासरी फ्रेम्स. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, त्यामुळे उत्तर येतं ते एका फ्रेममागे किती ज्यूल लागले याचं. ६० वॅटमध्ये १५० फ्रेम्स म्हणजे फ्रेममागे ०.४ ज्यूल. १३५ वॅटमध्ये १५० म्हणजे ०.९. हा एक आकडा दोन प्रोसेसरची तुलना जितकी स्वच्छ करतो तितकी दुसरं काहीच करत नाही. फक्त चाचणीतलं ग्राफिक्स कार्ड दोघांना एकच असलं पाहिजे. आणि सरासरीबरोबर सर्वात मंद एक टक्का फ्रेम्सचा आकडाही पाहा, कारण वीज वाचवून खेळ अडखळत असेल तर ती बचत कामाची नाही.

७. मग घ्यावा कोणता

फक्त खेळ, आणि खिसा परवानगी देत असेल: ७८००एक्स३डी. निव्वळ काटकसरीच्या दृष्टीने तो अजूनही माझी पहिली पसंती आहे. सर्वाधिक फ्रेम्स हव्या असतील तर ९८००एक्स३डी.

मध्यम ग्राफिक्स कार्डाबरोबर रायझन ५ ७६०० किंवा आठ कोअर हवे असतील तर ७७०० किंवा ९७००एक्स. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ९७००एक्स नावात एक्स असूनही ६५ वॅटचा आहे. नंतर बायोसमध्ये त्याला १०५ वॅटची सोय मिळाली, ती खेळासाठी वापरायची गरज नाही.

घरात आधीच एएम४ मदरबोर्ड असेल तर सगळं बदलू नका. बायोस अद्ययावत करून ५८००एक्स३डी किंवा जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी बसवता येतो का ते बोर्डाच्या यादीत पाहा. जुना बोर्ड आणि जुनी रॅम वापरात ठेवणं हीसुद्धा वीज आणि साधनांची मोठी बचत आहे.

काम जास्त, खेळ कमी: आय५-१२४०० किंवा १३४०० सारखा के नसलेला इंटेल. इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे के प्रोसेसर घ्यायचे असतील तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय वापरू नका. त्यांतल्या काहींत जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन खेळ बंद पडण्याचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका खेळात आधीच्या पिढीपेक्षा बरीच कमी वीज घेते, फ्रेम्समध्ये मात्र मोठ्या कॅशच्या रायझनच्या मागे राहते.

८. बायोसमधला अर्धा तास

प्रोसेसर बसवला, विंडोज सुरू झाली, म्हणजे काम संपलं असं नाही. अनेक मदरबोर्ड कारखान्यातून येतानाच प्रोसेसरच्या मर्यादा सैल करून येतात. इंटेलच्या बोर्डावर "इंटेल डीफॉल्ट" नावाची प्रोफाइल शोधा आणि ती लावा. मग पीएल१ (दीर्घकाळची) आणि पीएल२ (थोड्या वेळाची) या विजेच्या दोन मर्यादा पाहा. १२५ बेसच्या प्रोसेसरला दोन्हीकडे १२५ घातले तरी बहुतेक खेळांत फरक जेमतेम जाणवतो.

एएमडीच्या बोर्डावर विजेची मर्यादा खाली आणणारा इको मोड शोधा. तो पीबीओ या वेग आणि विजेच्या मर्यादांच्या मेनूमध्ये सापडतो. १७० वॅटच्या प्रोसेसरला १०५ किंवा ६५, आणि १०५ च्या प्रोसेसरला ६५ अशी निवड मिळते. ६५ निवडलं की प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅट होते, आणि खेळात तेवढी बहुधा पुरून उरते. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांपैकी कुणीही परत मागे गेलेलं नाही.

यापुढची पायरी व्होल्टेज उतरवण्याची. एएमडीमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं ते कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे करायचा असतो. थेट उणे ३० लावू नका. सगळ्या कोअरना उणे १० ने सुरुवात करा, दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरा, मग १५, मग २०. इथे एक सापळा आहे. पूर्ण भाराची चाचणी तासभर पार पडली म्हणजे सेटिंग पक्की झाली असं लोक समजतात. पण भार हलका असताना एकच कोअर सर्वात जास्त वेगाला जातो, आणि व्होल्टेज अपुरं असेल तर पीसी तेव्हाच कोसळतो: ब्राउझर उघडताना, झोपेतून जागा होताना, खेळाच्या मेनूमध्ये. एकेक कोअर आळीपाळीने तपासणारं कोअरसायक्लर रात्रभर चालवून ठेवा. एकही चूक दिसली तर पाच अंक मागे या. इंटेलमध्ये बोर्ड आणि प्रोसेसर परवानगी देत असतील तर व्होल्टेजला उणे ऑफसेट देता येतो. के नसलेल्यांत ही सोय बऱ्याचदा बंद असते.

शेवटी फ्रेम्सची मर्यादा. खेळात किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ती मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा किंचित खाली लावा, १४४ असेल तर १४१. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचीही वीज एकाच वेळी उतरते, व्हेरिएबल रिफ्रेशचा (मॉनिटरने फ्रेम्सच्या गतीशी जुळवून घेण्याचा) फायदा टिकतो आणि खेळ जास्त गुळगुळीत वाटतो. सगळ्या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

९. आजूबाजूचे भाग

पॉवर सप्लाय अवाढव्य घेऊ नका. ८० प्लस या पॉवर सप्लायच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रात बहुतेक दर्जांची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. १० टक्क्यांवरची अट मुख्यतः टायटॅनियम या वरच्या दर्जाला आहे. ६० वॅटवर रिकामा बसलेला पीसी १००० वॅटच्या सप्लायवर ६ टक्क्यांवर असतो, आणि इतक्या कमी भारावर वीज जास्त वाया जाते. मदरबोर्डही साधा घ्या. एक्स६७० मालिकेत चिपसेटच्या दोन चिप असतात, बी६५० मध्ये एक. बहुतेक गेमिंग पीसींना एक पुरते.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅन बॅलन्स्ड ठेवा. आणि पार्श्वभूमीला काय चालतं ते पाहा: खेळांचे चार-चार लाँचर, दिव्यांचे रंग बदलणारी सॉफ्टवेअर, हलते वॉलपेपर. हे प्रोसेसरला पुरती डुलकीसुद्धा घेऊ देत नाहीत.

१०. मोजा

प्लगवरचा मीटर पूर्ण पीसीचा आकडा देतो, एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर प्रोसेसरचा. दोन्ही वापरा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सीपीयू पॅकेज पॉवर ही ओळ शोधा, नोंद सुरू करा, नेहमीचा खेळ वीस मिनिटं खेळा आणि सरासरी घ्या. काही एएम४ बोर्ड प्रोसेसरला विद्युतप्रवाहाचे चुकीचे आकडे देतात आणि मग तो स्वतःची वीज कमी दाखवतो. पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन ही ओळ पूर्ण भारावर १०० टक्क्यांपासून फार दूर असेल तर प्लगवरच्या मीटरवरच विश्वास ठेवा.

तीन आकडे कागदावर लिहून ठेवा: खेळतानाचा, ब्राउझर उघडा असतानाचा आणि पूर्ण रिकामा. बायोसच्या प्रत्येक बदलानंतर तेच तीन पुन्हा मोजा, एका वेळी एकच बदल करून. आणि बायोसच्या सेटिंगचे फोनवर फोटो काढून ठेवा, कारण बायोस अद्ययावत केला की इको मोड, व्होल्टेज आणि मर्यादा बहुधा पुसल्या जातात, आणि पीसी काही न सांगता पुन्हा जुन्या आकड्यावर जातो.